भैंसोल्याला येण्याआधी: खेळाचे बूट-कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
खेळाचे बूट आणि कपडे जगभर विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग

महोदय, महोदया,
स.न.वि.वि.

१७ सप्टेंबर २०२५ ला आमच्या इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात, भैंसोला गावी, पंतप्रधानांच्या हस्ते पीएम मित्र पार्कची पायाभरणी झाली. दोन हजार एकरांहून मोठी जागा आणि कापसापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एकाच कुंपणात, असा बेत आहे. देशात अशी सात पार्क व्हायची आहेत, त्यातलं हे एक. निमाडात कापूस पिकतो आणि इंदूरच्या गल्ल्यांत शिलाई येणाऱ्या बायका घरोघरी आहेत. इथल्या शेडमध्ये मशिनं बसली की तुमच्या ऑर्डरी इथे येणारच. तमिळनाडूत चेय्यारला एक तैवानी कंपनी नायकीचे बूट कधीपासून बनवते आहे, आणि तिथेही कामाला बहुतेक बायकाच आहेत. काम आलं तर मला आनंदच आहे. काम नको असं म्हणणारी मी नाही. आठ वर्षं मी त्याच कामावर घर चालवलं आहे.

मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढले. वडील शहरातल्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते. मी स्वतः इंदूरबाहेरच्या एका निर्यात कारखान्यात होते, आधी ओव्हरलॉक मशीनवर आणि मग चेकर, म्हणजे शिवलेला माल तपासणारी. घाम सुकवणाऱ्या पॉलिस्टरचे खेळाचे टी-शर्ट आम्ही शिवायचो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो बंद झाला आहे, आणि मला त्याच्या मालकाशी नव्हे, तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमचा एक नियम मला अजून आठवतो. मशीनची सुई तुटली की काम जागच्या जागी थांबायचं. ऑपरेटरने हात वर करायचा, सुपरवायझर यायचा, मग सुईचा प्रत्येक तुकडा शोधायचा. मशीनखाली आणि पिसांच्या, म्हणजे शिवायच्या टी-शर्टांच्या, गठ्ठ्यात चुंबक फिरवायचा. सगळे तुकडे मिळाले की ते चिकटपट्टीने रजिस्टरमध्ये चिकटवायचे आणि पुढे तारीख, वेळ, मशीन नंबर, ऑपरेटरची सही, सुपरवायझरची सही. एखादा तुकडा मिळाला नाही तर त्या मशीनवरचा सगळा माल बाजूला काढून मेटल डिटेक्टरमधून घालायचा. त्याशिवाय नवी सुई मिळत नसे. नियम चांगलाच आहे. दूरदेशी कुणाच्या पोराच्या मानेला तो तुकडा टोचला तर काय, याची काळजी त्यात आहे.

एकदा संध्याकाळी माझ्या शेजारच्या लाइनवर सुई तुटली आणि टोक काही सापडेना. अर्धा तास सगळे जमिनीवर वाकलेले. शेवटी ते त्या बाईच्या अंगठ्यातच निघालं, नखाच्या कडेला रुतलेलं. तिला ते कळलं नव्हतं, दुखतंय एवढंच ती म्हणत होती. टोक काढून, पुसून रजिस्टरमध्ये चिकटवलं. पुढे तिने डाव्या हाताने सही केली. अंगठ्याला पट्टी बांधली आणि ती परत मशीनवर बसली, कारण तासाचं टार्गेट अर्धवट होतं. अंगठ्यासाठी वेगळं रजिस्टर नव्हतं.

चेकर झाल्यावर मर्चंडायझरच्या, म्हणजे बायरशी ऑर्डरींचं बोलणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी माझं येणं-जाणं वाढलं आणि कॉस्टिंग शीट म्हणजे काय ते कळलं. कापड, मग धागा-लेबल-पिशवी, मग कटिंग-मेकिंग म्हणजे आमची मजुरी, मग कारखान्याचा खर्च आणि नफा. कापड कुठल्या मिलचं घ्यायचं हे पुष्कळदा तुम्हीच नेमून दिलेलं, लेबलही तुमच्याच माणसाकडून. तिथले भाव कारखानदाराच्या हातात नाहीत. वीज आणि बँकेचं व्याज तर कुणासाठीच थांबत नाही. अशा वेळी तुमच्याकडून निरोप येतो, पिसामागे पाच रुपये खाली या, नाहीतर दुसरीकडे भाव मिळतोय. ते पाच रुपये निघायला एकच जागा उरते. शिलाईची मिनिटं मोजलेली असतात, सॅम म्हणतात त्याला. ती मिनिटं कमी धरली की तासाचं टार्गेट चढतं. काल जिने तासाला ६० बाजू जोडल्या तिने आज ७० जोडायच्या. पाणी कमी प्यायचं, म्हणजे लघवीला उठावं लागत नाही. आमच्या लाइनवर निम्म्या बायकांना लघवीच्या जळजळीचा त्रास होता आणि त्या तो एकमेकींनाच सांगत.

तारखांचंही तसंच. रंगाचा नमुना मंजूर करायला तुमच्याकडे तीन आठवडे लागले तरी जहाजाची तारीख हलत नाही. माल चुकला तर विमानाने पाठवा, भाडं कारखान्याने भरा. मग रात्री नऊपर्यंत ओव्हरटाइम. कायद्याने तो दुप्पट दराने द्यायचा असतो, आम्हाला बहुतेक वेळा सिंगल मिळायचा.

आणि ऑडिट, म्हणजे तुमच्या वतीने होणारी कारखान्याची तपासणी. ऑडिटचा दिवस आम्हाला आठवडाभर आधी कळायचा. संडासात साबण यायचा, मास्क वाटले जायचे, आग विझवायच्या नळकांड्यांवरची धूळ पुसली जायची. कोणी विचारलं तर आठवड्याला एक सुट्टी मिळते असं सांगायचं, हे लाइनवर उभं करून पाठ करून घेतलं जायचं. मीही पाठ केलं आहे, आणि तसंच सांगितलंही आहे. त्याची मला लाज वाटते, पण त्या दिवशी खोटं बोलले नसते तर ऑर्डर गेली असती, हेही खरं होतं. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्याच्या तीनच आठवडे आधी त्या कारखान्याला कामाच्या परिस्थितीबद्दलचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. तेव्हा ऑडिटबद्दल मी तुमच्याकडे काही मागत नाही.

मला बोलायचं आहे ते कारखाना बंद होतो त्या दिवसाबद्दल.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऑर्डरी पातळ झाल्या. बायरने काम दुसऱ्या देशात हलवलंय, असं मर्चंडायझर दबक्या आवाजात सांगत होते. दोन महिने पगार 'पुढच्या आठवड्यात' होत राहिला. मग एका सोमवारी कंपनीची बस नेहमीसारखी आम्हाला घेऊन गेली आणि फाटकाला कुलूप होतं. ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. आम्ही दीडशेएक बायका डबे हातात घेऊन अकरा वाजेपर्यंत तिथे उभ्या होतो. मालकाचा फोन बंद. फाटकाच्या गजांतून आतली भिंत दिसत होती आणि तिच्यावर तुमची आचारसंहिता, हिंदीत भाषांतर केलेली, काचेच्या चौकटीत.

हिशेब मी घरी येऊन केला. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी. कारखाना बंद झाला तर त्याशिवाय दर वर्षाला १५ दिवसांची भरपाई. आठ वर्षांचे दोन्ही मिळून साधारण साडेआठ महिन्यांचा पगार आणि वर दोन महिन्यांची थकबाकी. माझ्या हाती आला तो एका महिन्याचा पगार, तोही लेबर ऑफिसच्या खेपा घालून पाच महिन्यांनी. बाकीच्यासाठी दावा लावा म्हणाले. ज्यांची मुलं लहान होती त्यांनी दावा लावला नाही, त्या दुसऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या.

तुम्ही म्हणाल, या बायका आमच्या कामगार नाहीत, कारखानदाराच्या आहेत. त्याचं देणं आम्ही का द्यावं? मग मी विचारते, ती सुई कुणाची होती? मशीन कारखानदाराचं, सुई त्याची, ऑपरेटरही त्याचीच. तरी दोन मिलिमीटरच्या टोकाचा हिशेब तुम्ही सहीनिशी मागत होता आणि तो तुम्हाला रोज मिळत होता.

तुम्ही ठरवलं की कारखाना बदलतो, हे तुमच्याच इतिहासात आहे. १९९७ साली व्हिएतनाममधल्या नायकीच्या एका कंत्राटी बूट-कारखान्याचा तपासणी अहवाल बाहेर आला. बूट चिकटवायच्या गोंदातलं टोल्युइन हे घातक रसायन काही ठिकाणच्या हवेत तिथल्या कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी पट होतं आणि कामगारांना श्वसनाचे विकार जडले होते. त्याआधीच्या वर्षी पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल शिवणाऱ्या पोराचा फोटो अमेरिकेतल्या मासिकात छापून आला होता. १२ मे १९९८ ला नायकीचे संस्थापक आणि तेव्हाचे प्रमुख फिल नाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर उभं राहून मान्य केलं की, नायकीचा माल म्हणजे गुलामीची मजुरी आणि सक्तीचा ओव्हरटाइम असं समीकरण लोकांच्या मनात बसलं आहे. बूट-कारखान्यांत १८ वर्षांखालचं कोणी नको आणि हवा अमेरिकेतल्या कारखान्यांच्या दर्जाची हवी, असं त्यांनी त्या दिवशी जाहीर केलं. गोंद बदलला, पाण्यावर आधारलेले गोंद आले. कारखाने दुसऱ्यांच्या मालकीचे होते, गोंद मात्र तुमच्या शब्दाने बदलला. २००५ मध्ये नायकीने सातशेहून जास्त कारखान्यांची नावं आणि पत्ते छापले. तोपर्यंत ती व्यापारी गुपितं आहेत असंच आम्हाला सांगितलं जात होतं.

देण्यांच्या बाबतीतही तुम्ही कधीकधी वाकला आहात, पण ओढून वाकवल्यावर. २००९ मध्ये होंडुरासमधले नायकीचं काम करणारे दोन कारखाने कामगारांची देणी न देता बंद झाले. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठांवर दबाव आणला, तेव्हा २०१० मध्ये नायकीने त्या कामगारांसाठी १५ लाख ४० हजार डॉलर दिले. इंडोनेशियात पीटी किझोन हा कारखाना २०११ मध्ये मालक पळून गेल्यावर बंद पडला. अडीच हजारांहून अधिक कामगारांचे ३० लाख डॉलरपेक्षा जास्त पैसे अडकले. नायकीने आपला काही वाटा दिला. आदिदासने आपला संबंध नाही म्हणत दोन वर्षं काढली आणि एकामागून एक विद्यापीठं करार मोडायला लागल्यावर २०१३ मध्ये तडजोड केली. या दोन्ही ठिकाणी पैसे मिळाले कारण त्या टी-शर्टवर अमेरिकेतल्या कॉलेजांची नावं होती आणि तिथली पोरं पेटून उठली. आमच्या टी-शर्टवर कुठल्या कॉलेजचं नाव नव्हतं.

तुमचं काम हलत राहतं, हे मला समजतं. नायकी १९६४ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली ती जपानमध्ये बनलेले बूट विकायला. जपानमधली मजुरी वाढली तशी कामं दक्षिण कोरिया आणि तैवानला गेली. तिथे वाढली तशी इंडोनेशिया, चीन, व्हिएतनामला. आता थोडी भारतात येत आहेत. उद्या भैंसोल्याहूनही जातील. जाऊ नका असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? काम कुठून तरी उठलं म्हणूनच ते माझ्याकडे आलं होतं. पण उठताना पानाखालचं सारवून जायची रीत आमच्याकडे आहे.

देणी मागे राहिली की काय होतं हे इंदूरला कुणी शिकवायला नको. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली तेव्हा तिथे ५,८९५ कामगार होते. त्यांच्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. मधे ३२ वर्षं गेली. या ३२ वर्षांत ते कामगार दर रविवारी मिलच्या फाटकाशी जमत, कोर्टात काय झालं ते ऐकत आणि घरी जात. आमच्याकडे अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, जवळजवळ शंभर वर्षांची रीत आहे. मिल बंद पडल्यावरही कामगारांनी वर्गणी काढून झाँकी काढली. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या पाहिल्या आहेत. पुढे पुढे झाँकीमागे चालणाऱ्यांत काठी टेकणारेच जास्त दिसायला लागले. पैसे मिळाले तेव्हा पुष्कळ घरांतून ते घ्यायला विधवा किंवा नातवंडं गेली.

तरी हुकुमचंदचे पैसे मिळाले ते कशामुळे, हे जरा बघा. मिलची जमीन शहराच्या मधोमध होती. त्या जमिनीच्या मोबदल्यात गृहनिर्माण मंडळाने पैसे भरले. भैंसोल्याच्या शेडखालची जमीन कारखानदाराची नसणार, भाडेपट्ट्याची असणार. मशिनं बँकेकडे गहाण. कापड तुमच्या नेमलेल्या मिलकडून उधारीवर. त्याने उद्या कुलूप घातलं तर विकायला आत काय असेल? २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीला बसवली आहेत. पण पंगतीत बरोबरीला बसवलं तरी वाढायला पातेल्यात काही लागतं. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा औद्योगिक संबंध कायदा लागू झाला आहे. त्यात तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला बंद होण्याआधी सरकारची परवानगी लागत नाही. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही मर्यादा शंभर होती.

म्हणून माझी मागणी ऑर्डर देण्याच्या दिवसाची आहे, कुलूप लागल्यानंतरची नाही. ग्रॅच्युइटी आणि बंदची भरपाई, दोन्ही मिळून पगाराच्या सुमारे नऊ टक्के होतात. मी हा हिशेब तीनदा केला आहे. एका टी-शर्टमागे शिलाईची मजुरी २० रुपये धरा, तर ही रक्कम दोन रुपयांच्या आत येते. तो टी-शर्ट तुमच्या दुकानात दोन हजाराला लागतो. हे दोन रुपये प्रत्येक बिलासोबत वेगळ्या बँक खात्यात टाका, कामगाराच्या नावावर, जसा पीएफ असतो. कारखानदाराला त्या खात्याला हात लावता येऊ नये, बँकेलाही नाही आणि तुम्हालाही नाही. कॉस्टिंग शीटवर ती ओळ वेगळी छापा आणि भाव करताना त्या ओळीवर घासाघीस करायची नाही असं तुमच्या माणसांना लेखी सांगा. मजुरीच्या ओळीचंही तसंच व्हायला हवं, पण सुरुवात या दोन रुपयांपासून केलीत तरी चालेल. जगभरातल्या कामगार संघटना 'पे युवर वर्कर्स' या मोहिमेत अशाच हमी निधीची मागणी तुमच्यापुढे ठेवून बसल्या आहेत. तुम्ही ती वाचली आहे. तेव्हा ही कल्पना नवी आहे किंवा अभ्यासाला वेळ हवा, असं उत्तर पाठवू नका.

आणखी एक. काम उचलून नेणार असाल तर सहा महिने आधी सांगा, आणि ते मालकाला सांगून थांबू नका, लाइनवरच्या बायकांनाही कळू द्या. सहा महिन्यांत माणूस पोराची फी भरून ठेवतो, भिशी उचलतो, दुसरीकडे चौकशी करतो. आम्हाला त्या सोमवारी सकाळी कळलं.

जिच्या अंगठ्यात सुई गेली होती ती आता पिथमपूरला दुसऱ्या कारखान्यात आहे. भैंसोल्याला भरती सुरू झाली की तिकडे जायचं म्हणते, कारण तिचं माहेर बदनावरकडचं. तिला १४ वर्षांचा अनुभव आहे आणि तिच्या नावावर ग्रॅच्युइटीचा एक पैसा नाही, कारण दर वेळी ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरायच्या आत किंवा भरल्यानंतर लगेच कारखान्याला कुलूप लागलं. तिने मला विचारलं, तिथे जाऊ का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमचं उत्तर मला पोस्टाने नको. भैंसोल्याच्या शेडच्या फाटकावर बाहेरच्या बाजूने लावा, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. बायका बसमधून उतरतात तेव्हा थंडीच्या दिवसांत पुरतं उजाडलेलंही नसतं.

कळावे.

आपली,
एक माजी चेकर
परदेशीपुरा, इंदूर